शुक्रवारच्या आधी

नौपाडा, ठाणे
मंगळवार, दुपार

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहिते आहे. ठाण्याहून कोपरखैरण्याला पत्र म्हणजे हसशील. पण रविवारी तू भरल्या ताटावरून उठलीस, आणि बाबा स्टेशनवर दहा नंबर फलाटापर्यंत सोडायला आले तर गाडी येईपर्यंत त्यांच्याशी अवाक्षर बोलली नाहीस म्हणे. त्यांनी काय केलं होतं? बासुंदी तशीच राहिली. शेवटी खाली वॉचमनला दिली.

आधीच सांगते, निखिलरावांना किडनी देऊ नकोस असं मी म्हणत नाही. रविवारीही म्हटलं नव्हतं. तुझ्या दिराला कोणी विचारलं का, एवढंच विचारलं. त्यावर तू म्हणालीस, "आई, तुला प्रेमातही हिशेब लागतो." लागलं मला ते. असू दे. या पत्रात दिराचा विषय काढणार नाही.

इकडे तुझ्या बाबांनी अभ्यास चालवलाय. सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारून आले की मोबाइल घेऊन बसतात. कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने टिपणं आहेत. २३ डिसेंबर १९५४, बॉस्टन. किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण, जुळ्या भावांत. रोनाल्ड हेरिकने रिचर्डला दिली. अगदी एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने ती परकी मानली नाही. देणारा रोनाल्ड पुढे ५६ वर्षं जगला, २०१० साली ७९व्या वर्षी गेला. हे वाक्य मला रोज ऐकवतात. "बघ, देणाऱ्याला काही होत नाही." मी विचारलं, आणि घेणारा? तर आठ वर्षं. ते मात्र टिपणात नव्हतं. मग चिडले, तेव्हा आजच्यासारखी औषधं होती का म्हणाले. त्या रिचर्डने तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं, दोन मुलं झाली, हे मात्र स्वतःहून सांगितलं. तो भाग त्यांना फार आवडलाय. मध्येच आठवून हसतात.

आता एक सांगते, रागावू नकोस. मागच्या आठवड्यात मी एकटीच त्या इस्पितळात जाऊन आले. ह्यांना भाजीला जाते म्हणून सांगितलं. तिथली ती कोऑर्डिनेटर मुलगी भली आहे, अर्धा तास बोलली माझ्याशी. तिला म्हटलं, माझाही गट ओ पॉझिटिव्हच, लेकीच्या ऐवजी माझी चालेल का? ती म्हणाली, कायद्याने नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊबहीण, आजीआजोबा आणि नातवंडं, एवढे जवळचे. सासू त्यात नाही. सासूला जावयाला द्यायची तर सरकारी समितीपुढे जायचं आणि त्यांना पटवायचं, की पैशासाठी नाही, मायेपोटी देते आहे. म्हटलं, पटवीन की. मग तिने माझ्या गोळ्यांची नावं विचारली. दोन रक्तदाबाच्या आणि एक साखरेची म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. निखिलरावांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना उगीच अवघडल्यासारखं होईल.

भाऊ चालतो ना, हेही विचारलं. चालतो म्हणाली, तपासण्या जुळल्या तर. झालं, पुढे काही बोलले नाही.

पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली. २०१४ च्या नियमांत लिहिलंय म्हणे, की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची. ती खरंच स्वतःच्या मनाने देते आहे ना, हे घेणाऱ्याला सोडून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं. का असं, विचारलं. म्हणाली, "काकू, आपल्याकडे जिवंतपणी देणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि घेणाऱ्यांत पुरुष." बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते. नवरा बायकोला देतोय असं त्या मानाने कमी दिसतं. म्हणजे मी विचारलं तर हिशेब, आणि सरकारने विचारलं तर नियम.

टोमणा मारला. सॉरी. खोडता येत नाही, पेनाने लिहिते आहे.

तुला पाडव्याची शोभायात्रा आठवते? तू सहावीत होतीस, लेझीम पथकात. कोपिनेश्वराजवळ सविताच्या मुलीची चप्पल तुटली आणि तू आपली काढून दिलीस. गोखले रोड, राम मारुती रोड, सगळं अनवाणी, लेझीम खेळत. दुपारपर्यंत डांबर तापलेलं. शेजारच्या बायकांना मी बोट दाखवून सांगत होते, ती पहिल्या रांगेतली माझी. रात्री तुझ्या पायांना फोड आले आणि तू उशीत तोंड खुपसून रडलीस. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. सविता घरी दुसरी चप्पल आणायला केव्हाच गेली होती. तू थांबली असतीस पाच मिनिटं तर चाललं असतं. तू नेहमीच अशी. समोरचा काही म्हणायच्या आत देऊन मोकळी. मला या गोष्टीचं कौतुकही वाटतं आणि झोपही लागत नाही.

प्रेम म्हणजे काय हे मी तुला शिकवावं एवढं मला कळत नाही. आमचं लग्न दोन भेटींत ठरलं, त्यातल्या एकीत हे फक्त पोहे खात होते. पण आजींचं सांगते. त्या मोरीत पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तू लहान होतीस. मी बालवाडीतली नोकरी सोडली. सोडशील का, असं मला कोणी विचारलं नाही. ह्यांनी नाही, कळव्याच्या आत्यांनीही नाही, आणि त्या तर लेक होत्या आजींची. येणारे-जाणारे म्हणायचे, काय माया आहे सुनेची! माया कसली, नुसता वैताग होता. भांडी आपटायचे मी. मे महिन्यात एका दुपारी लाइट गेले होते, मी त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होते. डोळे मिटलेले ठेवूनच म्हणाल्या, "तू जा माहेरी चार दिवस. माझ्या लेकीला बोलाव, तिला सांग मी म्हणते म्हणून." मी गेले नाही. पण जा म्हणणारं कोणीतरी भेटलं. त्यानंतर भांडी आपटली नाहीत. त्या गेल्या तेव्हा ह्यांच्यापेक्षा मीच जास्त रडले, आत्यांना ते नाटक वाटलं.

म्हणून विचारते. निखिलरावांनी तुला एकदा तरी "नको देऊस" म्हटलंय का? म्हटलं असेल आणि तू मला सांगितलं नसशील, तर माझं तोंड बंद. माणूस चांगला आहे, ते मला कोणी सांगायला नको. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी ऑफिस बुडवून दोन दिवस इथे होते. आता आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्या डायलिसिसच्या मशीनला बांधलेले, तरी आमच्याकडे येताना फुगलेला हात दिसू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. मला दिसतं ते. झेडटीसीसीच्या, म्हणजे मेलेल्या माणसाची किडनी मिळण्यासाठीच्या सरकारमान्य यादीत नाव आहे, पण नंबर कधी लागेल त्याची खात्री नाही, हेही समजतं. तिथे बसून तू वाट बघतेस, मी नाही, हेही समजतं. दीर तर लांब दुबईला, तोही बघत नाही. बघ, आलाच.

आणि मुलाचं. हे मी एकदाच लिहिणार आहे. किडनी दिल्यावरही मूल होऊ शकतं, पण गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त, असं तुझ्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना? तू ते इतक्या घाईत सांगितलंस की मी दोनदा विचारलं. त्यांच्याशी परत बस, घाई न करता. प्रश्न कागदावर लिहून ने. गोळ्या, पाणी किती, मीठ किती, वर्षातून किती वेळा तपासणी, सगळं. देणारा सुटला की त्याच्याकडे कोणी बघत नाही. पुन्हा लेक्चर झालं माझं.

शुक्रवारी तुझ्या संमतीची मुलाखत, तिथे तुला एकटीला आत घेतील, व्हिडिओ करतील. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत केव्हाही नाही म्हणता येतं, त्या मुलीने मला दोनदा सांगितलं. तू हो म्हणशील, मला माहीत आहे. म्हण. फक्त आत जाताना विहीणबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आणू नकोस, माझाही नको.

मी शुक्रवारी येणार आहे. आत सोडणार नाहीत, बाहेर बाकावर बसेन. ऑपरेशननंतर तू इथे यावंस असं ह्यांचं म्हणणं, पण आपल्याकडे तीन जिने चढायचे, आणि तुला आठवडेच्या आठवडे जड उचलायचं नाही. मीच तिकडे येते. विहीणबाईंच्या गुडघ्यांनी दोन माणसांचं होणार नाही. त्यांना आधी विचार, त्यांच्या स्वयंपाकघरात मी आलेलं चालेल का.

बाबा आशीर्वाद सांगतात. निखिलरावांना आमची आठवण सांग.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या दिराचा नंबर माझ्याकडे आहे, तुमच्या लग्नातला. निखिलरावांसारखाच त्याचाही गट बी पॉझिटिव्ह, तुमच्या सोसायटीच्या रक्तदान शिबिरात मी कार्ड पाहिलंय. फोन लावलेला नाही. शुक्रवारपर्यंत लावणार नाही.