हॉल तयार झाला

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी गोळ्यांचं विचारते, बाबा पावसाचं विचारतात, आई 'जेवलीस का' म्हणते आणि तेवढ्यात ठेवायची वेळ होते. म्हणून आज लिहायला बसले.

माझ्या कथकच्या क्लासचा हॉल तयार झाला. तळमजल्यावरच आहे, म्हणजे बाबांना जिना चढावा लागणार नाही. जमीन लाकडी केली. सागवान परवडलं नाही, पण खाली पट्ट्यांची चौकट ठोकून वर जाड प्लायवूड टाकलंय. पाय आपटला की फळी किंचित दबते. या एका गोष्टीसाठी मी इतकी वर्षं पैसे साठवत होते. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये फरशी होती, तिच्याखाली थेट स्लॅब. तिथे तासभर तत्कार, म्हणजे तालात पाय आपटणं, केला की आठ-नऊ वर्षांच्या मुली घरी जाऊन टाचा दुखतात म्हणायच्या. मी बाईंच्या माडीवर शिकले, तिथे फळ्या होत्या. तेव्हा त्याची किंमत कळली नव्हती.

आरसा एकाच भिंतीला लावलाय आणि त्यावर पडदा आहे. सुतार म्हणाला, मग लावायचा कशाला? हात-मान बघायला आरसा हवा, पण लय पक्की होईपर्यंत नको. मुली आरशात बघायला लागल्या की ऐकायच्या बंद होतात.

बाईंनी पहिले सहा महिने 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' याशिवाय काही शिकवलं नव्हतं, आठवतं? आत्या म्हणाली होती, एवढ्याचे काय पैसे द्यायचे. आई, तू ब्लाउज शिवून ते पैसे देत होतीस. आज माझ्याकडे तीन महिन्यांत 'गाणं कधी बसवणार?' असं विचारणारे पालक येतात. मी त्यांना बसवून घेते, मुलीचा तत्कार ऐकवते, पहिल्या महिन्याचा आणि आताचा. बहुतेकांना फरक ऐकू येतो.

घुंगरांचंही सांगायचंय. पंचवीस, मग पन्नास, मग शंभर, प्रत्येक वेळी तूच ओवलेस. दोरीच्या टोकाला मेण लावून, एकेक घुंगरू, प्रत्येकामागे गाठ. दहावीच्या वर्षी मी क्लास सोडला तेव्हा तू वाद घातला नाहीस. जुनी दोरी काढलीस, नवीवर सगळे पुन्हा ओवलेस आणि देवघराशेजारच्या खुंटीला टांगून ठेवलेस. वर्षभर जाता-येता ते दिसत होते. परीक्षेनंतर कोणी काही न सांगता मी ते उतरवले. ते वर्ष मी कधी विसरले नाही. माझ्याकडच्या मुली दहावी आली की थांबतात. मी कुणाला अडवत नाही, पण त्यांच्या आईला एवढंच सांगते, घुंगरू माळ्यावर टाकू नका, डोळ्यासमोर राहू द्या. सगळ्या परत येत नाहीत. पण गेल्या जूनमध्ये दोघी आल्या.

आणि बाबा, तुमची वही. रेल्वेची ती जुनी डायरी, ज्यात तुम्ही माझ्या नाचातल्या बोलांचे तुकडे आणि तिहाया उतरवून घेतल्यात, प्रत्येक बोलाखाली मात्रेचा आकडा. रात्रपाळी करून आलात की झोपायच्या आधी अर्धा तास माझ्यासमोर बसून टाळी धरायचात. सोळा मात्रांत एक, पाच आणि तेरावर टाळी, नऊवर खाली, म्हणजे टाळी न देता रिकामा हात. तबला कधी हातात धरला नाहीत, पण त्रितालाचा ठेका चुकला नाहीत. रूपक ताल आला तेव्हा मात्र अडलात, त्यात पहिल्या मात्रेलाच, समेलाच, खाली. 'समेवरच खाली? असं कसं चालेल?' दोन दिवस विचार करत होतात, मग स्वतःच बोटं मोजून पटवून घेतलंत. विशारदच्या तोंडी परीक्षेत धमार ताल हातावर धरायला सांगितला, पाच-दोन-तीन-चार, तेव्हा मला परीक्षक नाही, तुमचा हातच दिसत होता.

नोकरी सोडल्याचं मी तुम्हाला आठ महिने सांगितलं नव्हतं. त्याची माफी मी कधी मागितली नाही, आज मागते. तुम्ही रागावाल म्हणून नव्हे, रात्र-रात्र जागाल म्हणून लपवलं, पण तेही चूकच. कळल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, 'जागेचं भाडं सुटतं का?' आणि पुढच्या आठवड्यात ही वही पार्सलने आली. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. त्या दिवशी मी क्लास घेऊ शकले नाही.

२०२० साली क्लास फोनवर गेले, तेव्हा वहीनेच तारलं. माझी टाळी मुलींपर्यंत उशिरा पोचायची आणि त्यांची सम माझ्यापर्यंत त्याहून उशिरा. एकत्र नाचणं शक्यच नव्हतं. मग मी पायांचं काम कमी केलं आणि तुमच्यासारखं बोल, मात्रा लिहून एकेकीकडून पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, करून घेतली. वर्षभराने समोरासमोर आलो तेव्हा ज्यांची पढंत स्वच्छ होती त्यांचे पाय पंधरा दिवसांत मोकळे झाले. आता माझ्याकडे नवी बंदिश आधी तोंडाने, मग हाताने, शेवटी पायाने.

पुण्यात मला कुणी 'नाच कशाला' असं विचारलं नाही, याचं श्रेय माझं नाही. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली इथे नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली, तेव्हा चांगल्या घरच्या मुलीने पायात घुंगरू बांधायचे म्हणजे केवढी गोष्ट होती. मिरजेत मात्र तो प्रश्न तुम्ही दोघांनी झेलला. स्थळं येणार नाहीत, असं घरात येऊन सांगून गेलेले लोक मला आठवतात. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणालात, 'पाच वाजले, तिची क्लासची वेळ झाली.'

आता कामाचं. गुरुपौर्णिमेला हॉलमध्ये पहिला क्लास आहे. दोन दिवस आधी सकाळच्या कोयना एक्सप्रेसने निघा, मी स्टेशनवर असेन. आई, सहा नव्या मुलींचे घुंगरू ओवायचे आहेत. तुझी शेवटची गाठ मला अजून जमत नाही, माझी महिन्याभरात सुटते. डोळ्यांना दिसत नसेल तर तू सांग, मी बांधते. बाबा, त्या दिवशी लेहऱ्याचं, म्हणजे तालाची धून वाजवणारं, यंत्र लावणार नाही. हार्मोनियमवाले येतील आणि पहिला त्रिताल तुम्ही धरायचा, विलंबित, अगदी संथ. हात थरथरतो म्हणून नाही म्हणू नका. मुलींना टाळी दिसली की पुरे आहे. तुमच्यासाठी पाठीला टेकू असलेली खुर्ची आणून ठेवली आहे.

येताना चष्म्याची जोडी विसरू नका.

तुमची,
धाकटी