मधलीचं काय झालं?

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय शमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, तुझ्या मालिकेतल्या धाकट्या जावेला आता खलनायिका करायचं ठरलंय आणि सोमवारपर्यंत चार भागांचे संवाद द्यायचेत. "कालपर्यंत देवघरात वाती वळणारी बाई उद्या दुधात विष कालवणार, आणि मधे काय घडलं ते लिहिणाऱ्या मलाच माहीत नाही," असं म्हणालीस. तुझा तो आवाज अजून कानातून जात नाहीये. आईच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून मी फोन ठेवला, पण तुला काहीतरी सांगायचं राहून गेलं. ते फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून लिहायला बसले.

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनपासून माझं अंथरूण तिच्याच खोलीत असतं. रात्री दोनच्या सुमारास तिला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. भाच्याने टीव्ही तिच्या खोलीत आणून यूट्यूब जोडून दिलं, आणि तिथे आम्हाला एक चिनी मालिका सापडली. 'द रोमान्स ऑफ टायगर अँड रोज' हे तिचं इंग्रजी नाव. मूळ नावाचा अर्थ साधारण 'जिच्याबद्दल लोक बोलतात ती चेन च्येनच्येन'. २०२० च्या मे महिन्यात ती चीनमध्ये टेन्सेंट व्हिडिओवर आली. भाग चोवीसच, म्हणजे तुमच्याकडे एका लग्नाच्या मेंदीला पुरतील तेवढे. आईला इंग्रजी येत नाही, तेव्हा खाली येणारी अक्षरं मी मराठीतून म्हणून दाखवायची. पाठीमागे उशी लावून ती बसायची, मी पलंगाच्या कडेला. अकरा रात्रींत संपवली.

तुला ही गोष्ट सांगायचीच होती, कारण तिची नायिका तुझ्या धंद्यातली आहे. चेन श्याओच्येन नावाची एक पटकथाकार. जीव ओतून मालिका लिहिते आणि नायकाचं काम करणारा नट म्हणतो, या प्रेमाला काही अर्थ नाही, लिहिणारीने कधी प्रेम केलेलंच दिसत नाही. त्याला खोटं पाडायचं म्हणून ती रात्र-रात्र जागून लिहिते, थकून झोपते, आणि जागी होते ती स्वतःच्याच पटकथेत. तेही नायिका होऊन नाही. ह्वायुआन नावाच्या नगरीच्या स्वामिनीला तीन मुली. त्यातली तिसरी, लाडावलेली, उद्दाम, गावाने जिच्या नावाने बोटं मोडावीत अशी च्येनच्येन, ती ही झालेली असते. आणि या तिसरीला लग्नाच्या रात्री विष देऊन मारायचं, तेही तिसऱ्याच भागात, हे तिने स्वतःच लिहून ठेवलेलं! चीनमध्ये असल्या गोष्टींना 'छुआन-शू' म्हणतात, म्हणजे पुस्तकात शिरणं.

चिनी नावं आईच्या तोंडी बसेनात. तिने पहिल्याच रात्री बारसं उरकलं: थोरली, मधली, धाकटी. हान श्वो, म्हणजे शेजारच्या श्वानहू नगरीतून आलेला राजपुत्र, तो 'जावई'. मीही पुढे तीच नावं वापरते.

ही ह्वायुआन नगरी बघायला हवीस तू. तिथे दरबार बायकांचा, कारभार बायकांचा, आणि पुरुषांनी घर सांभाळायचं, मर्यादेत राहायचं, चांगल्या घरात पडलो म्हणजे भरून पावलो असं मानायचं. श्वानहूत नेमकं उलट. पुरुषांना शील शिकवलं जातं ते प्रसंग बघताना मी हसत होते. आई मात्र एकदाही हसली नाही. पडद्यावर मान खाली घालून उभ्या राहिलेल्या त्या पोरांकडे बघत म्हणाली, "असंच उभं करायचे गं आम्हाला. दाखवायच्या कार्यक्रमात." मग मीही गप्प झाले.

जावयाच्या काळजाला जन्मापासून दुखणं आहे. त्यावरचं औषध, 'ड्रॅगनचं हाड', ह्वायुआनच्या खजिन्यात. त्यासाठीच तो आलेला. पटकथेप्रमाणे त्याने धाकटीचा काटा काढायचा आणि पुढे मधलीच्या प्रेमात पडायचं. मधली हीच खरी नायिका. धाकटीला हे सगळं पाठ. म्हणून ती जीव वाचवायला धडपडते, त्याला मधलीकडे ढकलते, दोघांची भेट घडवते, स्वतः बाजूला सरकते. तिच्या प्रत्येक सरकण्याचा अर्थ तो वेगळाच लावतो. त्याला वाटतं, ही आपल्यासाठी मन मारतेय. आणि असं करता करता तो तिच्यावरच जीव लावून बसतो. आपण लिहिलेला माणूस आपल्याला न विचारता प्रेमात पडलाय, हे कळतं तेव्हा तिचा चेहरा पाहा. झाओ लूसी नावाची मुलगी आहे, १९९८ सालची, म्हणजे तेव्हा जेमतेम बाविशीतली. डोळे मोठे करून ती नुसती बघत राहते. आधी भीती, मग हिशेब, आणि मग त्या हिशेबात न बसणारं काहीतरी. हान श्वोचं काम करणारा दिंग यूशी हाच मूळचा नाठाळ नटही झालाय.

पण शमे, मला सांगायचंय ते या दोघांबद्दल नाही. त्यांचं छान चाललंय.

मला सांगायचंय मधलीबद्दल. पटकथेत ती गुणी, कर्तबगार, प्रजेची आवडती. उद्याची स्वामिनी तीच आणि राजपुत्राचं प्रेमही तिचंच. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही. लिहिल्याप्रमाणे ती वागत राहते, वेळेवर कामाला येते, नीट बोलते, जबाबदारी घेते. आणि गोष्टच तिच्या बाजूने निघून जाते. राजपुत्र धाकटीचा होतो. स्वामिनीचा विश्वास धाकटीकडे वळतो. ज्या धाकटीला काल कुणी उभं करत नव्हतं, तिच्या शब्दाला मान मिळायला लागतो. मधली कडवट होत जाते. अखेर तिचे हात इतके मळतात की मागे फिरायची वाट राहत नाही. तुझ्या भाषेत, ती खलनायिका होते. पण ती एका भागात होत नाही. दर वेळी तिच्या हातून एकेक गोष्ट जाते, आणि ती का गेली हे तिला कुणीही सांगत नाही. सांगणार कोण? जिला माहीत आहे ती लेखिका स्वतःचा जीव वाचवण्यात गुंतलेली.

असाच एक प्रसंग चालला होता, पहाटेचे साडेतीन वाजले असतील. मी अक्षरं वाचत होते आणि आई मधेच म्हणाली, "थांब जरा." मला वाटलं दुखायला लागलं. मी टीव्ही थांबवला. पडद्यावर मधलीचा चेहरा तसाच. आई त्याच्याकडे बघत म्हणाली, "हिचं काय चुकलं सांग. जे करायला सांगितलं ते केलं हिने."

आणि मग तिने मला जे सांगितलं ते मी सत्तेचाळीस वर्षांत कधी ऐकलेलं नव्हतं. मोठ्या मावशीला चांगलं स्थळ चालून आलं. धाकटी मावशी हुशार, तिला शिकायला कोल्हापूरला ठेवलं. तिघींतली मधली माझी आई. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिची शाळा नववीत थांबली, आणि चार वर्षं ती आजीचं करत राहिली. "माझा राग कुणावर नव्हता गं. मला फक्त वाटायचं, एकदा कुणीतरी विचारावं, तुला काय पाहिजे." एवढंच म्हणाली, पाणी मागितलं, आणि मला पुढे वाचायला सांगितलं. माझा आवाज लागत नव्हता, तरी वाचलं.

मी तेव्हापासून याच गोष्टीत अडकले आहे. शोधता शोधता एक जुनी चिनी कथा वाचनात आली, थांग राजवटीतली, शन जीजी या लेखकाची. काळ इ. स. ७१९ चा दाखवलाय. आखूड जाडाभरडा अंगरखा घातलेला लू नावाचा तरुण, काळ्या शिंगरावर बसून शेतावर निघालेला. हानदानच्या वाटेवर एका धर्मशाळेत टेकतो आणि आपलं नशीब कसं फुटकं म्हणून कुरकुरतो. तिथला म्हातारा जोगी त्याला उशी देतो, हिरवट चिनी मातीची, दोन्ही टोकांना भोक असलेली. तिकडे धर्मशाळेच्या मालकाने चुलीवर धान्य शिजत लावलंय. तरुण उशीवर डोकं ठेवतो, ते भोक मोठं होत जातं, तो आत शिरतो. मोठ्या घराण्यातल्या मुलीशी लग्न, परीक्षा, हुद्दे, बदनामी, हद्दपारी, पुन्हा मंत्रिपद, मुलंनातवंडं, आणि ऐंशीच्या पुढे मरण. डोळे उघडतो तर चुलीवरचं अजून शिजलेलंही नाही. राळ्यासारखं बारीक धान्य ते. आईला सांगितलं तर तिला आजोळचा राळ्याचा भात आठवला.

बाराशे वर्षं या कथेचा अर्थ असाच सांगितला गेला, की ऐश्वर्य म्हणजे चुलीवर भात शिजेपर्यंतचं स्वप्न. मी ती वाचली आणि मला प्रश्न पडला तो त्या बायकोचा. इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहिली, अटकेच्या वेळी तो जीव द्यायला निघाला तर तिने वाचवला. तो जागा झाल्यावर तिचं काय झालं? कथा तिच्याकडे वळूनही बघत नाही. ती स्वप्नातली, म्हणून संपली. चिनी प्रेक्षक कथा-चित्रांतल्या पात्रांना 'कागदी माणूस' म्हणतात. श्याओच्येनही सुरुवातीला सगळ्यांकडे तशीच बघते. आपणच लिहिलेली माणसं, यांना कसलं दुखणार! मग तिला त्यांच्यातच राहावं लागतं, त्यांच्या ताटातलं खावं लागतं, आणि आपण दोन ओळींत उरकलेल्या माणसाला आख्खं आयुष्य आहे हे दिसायला लागतं. त्या जुन्या तरुणाला जाग आल्यावर जग पोकळ वाटलं. हिला ते आत राहून भरलेलं दिसलं. ही मालिका मला इतकी आवडली ती यासाठी.

अशा मालिकांची तिकडे आता रांगच लागली आहे. पूर्वी आजची मुलगी थेट जुन्या राजवटीत जाऊन पडायची, पण २०११ मध्ये सरकारी नियंत्रकांनी इतिहासाची चेष्टा होते म्हणून त्यावर नाराजी दाखवली. काल्पनिक पुस्तकात शिरलं तर इतिहासाला धक्का लागत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात 'लव्ह गेम इन ईस्टर्न फँटसी' आली. त्यात नायिका कादंबरीत अडकते आणि तिथेही नायक हाच दिंग यूशी. २०२५ च्या जूनमध्ये 'अ ड्रीम विदिन अ ड्रीम', त्यात बारीकसारीक कामं करणारी नटी स्वतःच्या संहितेत सापडते. दोन्ही बघ, दिसायला फार सुंदर आहेत. माझं मन मात्र पहिलीतच राहिलं.

आता तुझ्या जावेबद्दल. शमे, मला तुझ्या कामातलं कळत नाही आणि वाहिनीवाल्यांपुढे तुझं किती चालतं तेही मला माहीत आहे. त्या बाईला विष कालवायला लावणं तुझ्या हातात नाही, ठीक. पण त्याआधीची दोन मिनिटं तुझ्या हातात आहेत ना? ती वाती वळत होती तेव्हा तिला काय पाहिजे होतं, ते एकदा तिच्या तोंडून येऊ दे. थोरलीला विचारलं जातं आणि तिला विचारलं जात नाही असा एक साधा प्रसंग, जेवणाच्या पानावरचा. कुणीतरी सगळ्यांना वाढतंय आणि तिचं पान विसरलंय, एवढं पुरे. तुला ते लिहिता येतं. नववीत असताना तू लिहिलेल्या एकांकिकेत शिपायाचं काम माझ्याकडे होतं, आठवतं? दोनच वाक्यं होती, पण तो घरी जाऊन मुलीची फी भरणार आहे हे तू त्यात घातलं होतंस. ते म्हणताना माझा गळा भरून आला होता. तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. तीच तू आहेस अजून, फक्त दमली आहेस.

आईची प्रकृती बरी आहे. वॉकर घेऊन परसदारापर्यंत जाते, तुळशीला स्वतः पाणी घालते. टाके सुकले. काल मंडईतून तिने राळे आणवले, धुऊन सावलीत वाळत घातलेत. तू आलीस की भात करायचा म्हणते. गणपतीत चार दिवस सुट्टी मिळाली तर रात्रीच्या गाडीने ये. मालिका आपण पहिल्यापासून पुन्हा लावू, या वेळी अक्षरं तू वाच.

आणि हो, तुझ्या मालिकेतली ती जाऊ किती बहिणींतली, हे आईने विचारायला सांगितलंय. नक्की कळव.

तुझीच,
वैजू