वाळवंटात निघण्यापूर्वी

ॲडलेड

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज उतरलेला जाणवला, म्हणून अर्धेच सांगून थांबले. उरलेले लिहून कळवते. यंदा गणपतीला आमचे येणे होणार नाही. ती रजा जुलैतच घेऊन आम्ही मध्य ऑस्ट्रेलियातले सिम्पसन वाळवंट ओलांडायला निघतो आहोत, आणि त्याचा परवानाही हाती आला आहे. हाच प्रवास डिसेंबरात केला असता तर गणपती चुकले नसते, असे दादा म्हणालाच. परंतु इथल्या उन्हाळ्यामुळे 1 डिसेंबर ते 15 मार्च हे वाळवंट बंद ठेवतात. वाटेवरच्या ऊडनाडाटा गावी 1960 साली 50.7 अंश तापमान नोंदले गेले होते, यावरून तुम्हाला कल्पना येईल. डिसेंबरची सबंध रजा मात्र तुमच्यासाठीच राखून ठेवली आहे.

वाळवंटाच्या एका कडेचे माउंट डेअर सोडले की दुसऱ्या कडेच्या बर्ड्सव्हिलपर्यंत सुमारे 500 किलोमीटर डिझेल मिळत नाही, दुकान नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. तेव्हा फोन लागला नाही, तर काळजीने रात्र जागवू नका. दोन गाड्या बरोबर आहेत, सॅटेलाइट फोन आहे, आणि आडरानातल्या रुग्णांकडे विमानाने डॉक्टर पाठवणारी इथली सेवा 1928 पासून चालू आहे. (तिची गरज पडणार नाही, केवळ माहितीसाठी लिहिले.)

बाबा, तुम्ही रस्ता कसा आहे ते विचारणारच. वाळूच्या अकराशेहून अधिक टेकड्या एकापाठोपाठ एक आडव्या पसरल्या आहेत, आणि शेवटी येणारी बिग रेड सुमारे 40 मीटर उंच आहे. टायरमधली हवा बरीच कमी केली, की टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. माथ्यापलीकडची गाडी दिसत नाही, म्हणून आपल्या गाडीला उंच काठीवर झेंडा लावावाच लागतो आणि आपण चढतो आहोत हे रेडिओच्या 10 नंबरच्या चॅनेलवर पुकारावे लागते. आंबा घाटात वळणावर तुम्ही हॉर्न द्यायचात आणि केबिनमधल्या बॉनेटवरच्या सतरंजीवर बसून मी तोंडाने तसाच आवाज काढायचे. आता ते पुकारण्याचे काम समीरने माझ्याकडेच दिले आहे.

आई, खाण्याची आबाळ होणार नाही. भाजणी, मेतकूट आणि तुझा मसाला घेतला आहे. रात्री गॅसच्या शेगडीवर गरम खिचडी होईल. पिण्याचे पाणी लागेल त्याहून जास्त भरले आहे. रात्री थंडी कडाक्याची असते, पण बाबांची माकडटोपी अजून माझ्याजवळ आहे, आणि वाटेवरच्या डॅलहाउसीला ऊन पाण्याचे झरे असल्यामुळे एक दिवस तरी मनसोक्त डुंबता येईल.

आता माझे ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी संपण्याआधी आणावी, संपल्यावर नव्हे. आईने गुडघा दुखत असताना माळ्यावर चढू नये. गणपतीची भांडी दादा काढून देईल, मी त्याला बजावले आहे. रागावून बोलत नाही, पण इतक्या लांबून मला एवढेच करता येते.

बर्ड्सव्हिलला पोहोचताच पहिला फोन तुम्हालाच करेन. तिथे दुपारचे चार वाजतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेअकरा झालेले असतात, म्हणून त्या वेळी मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावून अंगणात जाऊन बसू नका.

तुमची,
चिमी