चि. मुक्तास: मिनी गोल्फचा हिशेब आठ महिन्यांवर मांड

नाशिक

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गंगापूर रस्त्याच्या बाजूची २० गुंठे जागा भाड्याने घेऊन १८ होलांचं (म्हणजे शेवटी चेंडू पडायची खळगी असलेल्या १८ छोट्या पट्ट्यांचं) मिनी गोल्फ उभारायचा तुझा बेत मला मनापासून पटला आहे. पण तू पाठवलेला खर्चाचा तक्ता बदलावा लागेल. त्यात पवनचक्की, किल्ल्याची प्रतिकृती आणि कारंजं यांना ११ लाख आहेत, पाण्याच्या निचऱ्याला जेमतेम ८० हजार. शिवाय चांगल्या महिन्याची कमाई काढून तिला तू सरळ बाराने गुणलं आहेस. उघड्यावरचा हा धंदा आपल्याकडे पावसाळा वगळता आठ महिनेच नीट चालतो. भाडं, पगार आणि बँकेचा हप्ता बाराही महिने असतो. या फरकाचे पैसे कुठून येणार, हे आधी ठरव.

जागा पुरेशी आहे. २० गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट. प्रत्यक्ष खेळाचे पट्टे त्यातले २,७०० फूट घेतील, म्हणजे २५० चौरस मीटर. पायवाटांना ४,३००, काउंटर-स्वच्छतागृहाला १,५०० आणि १५ गाड्यांना वळायच्या जागेसकट ४,००० फूट धर. उरलेली जागा झाडांना आणि दोन होलांमधल्या अंतराला ठेव. ती भरून टाकायचा मोह धरू नकोस, चेंडू शेजारच्या पोराच्या पायावर जायला नको. करार ११ महिन्यांचा अजिबात करू नकोस. काँक्रीट उचलून नेता येत नाही, त्यामुळे किमान ९ वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा हवा. जमीन अकृषिक नसेल तर ती परवानगी कोण आणणार आणि तोवर भाडं सुरू होणार का, हे त्यातच लिहून घे.

आता होलांची आखणी. तासाला किती माणसं खेळतील हे होलांच्या संख्येवर नाही, सगळ्यात सावकाश होलावर ठरतं. चार जणांच्या गटाला तिथे ४ मिनिटं लागली तर तासाला १५ गट, म्हणजे ६० माणसं. ५ मिनिटं लागली तर ४८ आणि ६ लागली तर ४०. बाकीचे सतरा होल कितीही झटपट असले तरी हा आकडा वाढत नाही. म्हणून पहिले तीन होल सरळ आणि सोपे ठेव, फिरता अडथळा सहाव्या-सातव्या होलाच्या पुढे टाक आणि तिथे थांबायला बाक आणि सावली दे. जागतिक स्पर्धांमधला नियम कार्डावर छाप: सहा फटक्यांत चेंडू गेला नाही तर सात लिहायचे आणि पुढे जायचं. याने रांग हलती राहते.

प्रत्येक होल काँक्रीटमध्ये ओतण्याआधी १९ मिमी प्लायवूडवर टर्फचा (कृत्रिम गवताचा) तुकडा टाकून मांडून बघ. दहा-बारा वेगवेगळ्या वयाची माणसं बोलाव, हातात घड्याळ घे. गटाला साडेचार मिनिटांच्या वर लागत असतील तर आखणी बदल. बहुतेक वेळा दोष उताराचा असतो. चेंडू पडायच्या खळगीभोवती दोन फूट तरी जवळजवळ सपाट हवं, नाहीतर हुकलेला चेंडू घरंगळत पुन्हा खेळणाऱ्याच्या पायाशी येतो आणि माणूस तिथेच अडकतो. पट्ट्याच्या मापाला आधार हवा असेल तर युरोपातल्या स्पर्धेचा छोटा पट्टा ६.२५ मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद असतो. कुटुंबांसाठी रुंदी १.२ मीटर कर. निदान नऊ होलांवर चाकाची खुर्ची जाईल असा १:१२ चा चढ दे. आजी-आजोबा सोबत आले तरच अख्खं कुटुंब येतं.

जमिनीखालच्या कामाबद्दल मी जरा विस्ताराने लिहिते, कारण पैसे बुडतात ते इथेच. त्या भागात काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावर सरळ कोबा केला तर दोन वर्षांत तडे जाऊन पट्टे वाकडे होतील. चार कोपऱ्यांत आणि मध्ये दीड-दीड मीटरचे खड्डे घे आणि मातीची खोली बघ. पट्टे आणि पायवाटांखालची किमान ४५० मिमी माती काढायची आणि मुरूम भरायचा. एकदम नाही, १५० मिमीच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवून. ६५० चौरस मीटरला दबल्यावर साधारण २९० घनमीटर मुरूम लागतो. सुटा मुरूम तीस टक्के जास्त धरला की सुमारे १३५ ब्रास होतो (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पुरवठादार ट्रिपवर पैसे मागेल, तू ब्रासवर बोल आणि गाडीचा हौदा स्वतः टेपने मोज.

त्यावर १५० मिमी सोलिंग (दगडांचा थर), वर वेल्डमेश (लोखंडी जाळी) घालून १०० मिमी एम-२० प्रतीचं काँक्रीट. उतार मीटरला निदान १० मिमी. प्रत्येक होलाचा कप, म्हणजे चेंडू पडायची खळगी, १०८ मिमी व्यासाचा असतो. त्याच्या तळाला ५० मिमी पीव्हीसी पाइप जोडून तो चेंबरपर्यंत उतारात ने. हा पाइप वाचवला तर पट्ट्यावरचं सगळं पाणी कपात साचतं, टर्फखालचा गोंद सुटतो आणि आठवड्यात तिथे डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. रस्त्याकडून येणारं पाणी आत शिरण्याआधीच अडवायला वरच्या कडेला एक फूट रुंद गटार हवं.

कामाचा क्रम मी असा सुचवेन, आणि यावर ठाम आहे. फेब्रुवारीत खोदाई, मेअखेर काँक्रीट पूर्ण. मग टर्फ न टाकता पावसाळा अंगावर घे. जोराची सर थांबल्यावर अर्ध्या तासाने जिथे पाणी दिसेल तिथे ऑइलपेंटने खूण कर. मुरूम जिथे बसायचा तिथे बसेल, चेंबर तुंबायचा तो तुंबेल, आणि दुरुस्ती हजारांत होईल. तेच टर्फ टाकल्यावर कळलं तर खर्च लाखात जातो. सप्टेंबरात दुरुस्ती, पाऊस सरल्यावर टर्फ, आणि डिसेंबरच्या थंडीआधी उद्घाटन. एप्रिल-मेची सुट्टी गाठायची म्हणून घाईने टर्फ टाकणारे पहिल्याच जुलैत अडकतात.

टर्फ १० ते १३ मिमी उंचीचं, पटिंगसाठी (चेंडू जमिनीलगत ढकलायच्या खेळासाठी) बनवलेलंच घे. बागेसाठीचं ३५ मिमीचं स्वस्त मिळतं आणि फोटोत छान दिसतं, पण त्यावर चेंडू दोन फुटांत थांबतो. उन्हात टिकण्याच्या हमीची मुदत लेखी माग. रोल उलगडून दिवसभर उन्हात पडू दे, मग काप. जोड लांबीच्या दिशेने घ्यायचा, कपाच्या जवळून नाही, आणि दोन्ही तुकड्यांच्या धाग्यांचा कल एकाच बाजूला. गोंद पॉलियुरेथेनचा. पाण्यात विरघळणारा गोंद आपल्या पावसात टिकत नाही. कडांना ७५ मिमी उंच, घट्ट बसवलेला कर्ब (काठ) लाव. सैल कडेवर चेंडू आपटून मेल्यासारखा पडतो आणि लोकांचा खेळातला रस जातो.

खर्चाचा माझा अंदाज आजच्या दरांवर काढला आहे. कोटेशनं आली की बदलू. खोदाई, मुरूम, निचरा ६ लाख. सोलिंग, काँक्रीट, कडा ६ लाख. टर्फ कापातल्या नुकसानीसह ३,१०० चौरस फूट, गोंद-मजुरीसकट साडेचार. पेव्हरच्या पायवाटा ३ लाख ६० हजार. दिवे, आर्मर्ड केबल, पॅनेल साडेचार. कुंपण, काउंटर, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी ७ लाख. पटर (चेंडू मारायच्या काठ्या), चेंडू, कॅमेरे, बिलिंग १ लाख ८० हजार. आराखडा, परवानग्या आणि जागेची अनामत ६ लाख. सजावट आणि झाडं ५ लाख, त्याहून एक रुपया जास्त नाही. बेरीज ४४ लाख ४० हजार, बारा टक्के आकस्मिक धरून ५० लाख. बांधकामावर भरलेल्या जीएसटीची वजावट सहसा मिळत नाही, म्हणून प्रत्येक कोटेशन करासहित माग आणि सीएंकडून खात्री कर. महिना ६० हजार भाड्याने बांधकामाच्या नऊ महिन्यांचे ५ लाख ४० हजार होतात. यातलं निम्मं तरी मालकांकडून माफ करून घ्यायचा प्रयत्न कर.

चालू खर्च महिन्याला असा: भाडं ६० हजार, पाच माणसांचे पगार ८०, वीज २०, देखभाल १५, जाहिरात १५, विमा-इंटरनेट ८, आणि पाच वर्षांनी टर्फ बदलायला बाजूला ७. झाले २ लाख ५ हजार. २५ लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांनी सुमारे ५४ हजार. म्हणजे २ लाख ६० हजार.

तिकीट मोठ्यांना २५० आणि मुलांना १८० ठेवलंस तर १८ टक्के जीएसटी आतूनच जातो, २५० चे हातात २१२ येतात. सरासरी १८० रुपये माणशी धर. महिन्याला १,४५० खेळाडू आले की खर्च भागतो, असं तुझा तक्ता सांगतो. शनिवार-रविवारी दिवसाला ११० आणि इतर दिवशी २५ आले की तो आकडा गाठता येतो, खरं आहे. पण पावसाळ्यात यातले एक तृतीयांश येतील. इगतपुरीच्या मानाने नाशकात पाऊस खूप कमी आणि संध्याकाळी उघडीप मिळते म्हणून एवढे तरी. ५०० माणसांचे ९० हजार, तूट १ लाख ७० हजार, चार महिन्यांची ६ लाख ८० हजार. म्हणून ७ लाख खेळतं भांडवल वेगळ्या खात्यात ठेव आणि सजावटीसाठी त्याला हात लावू नकोस. वर्षाचा खर्च भागवायचा तर कोरड्या आठ महिन्यांत दरमहा १,४५० नाही, १,९२० खेळाडू हवेत. तुझं खरं उद्दिष्ट हे आहे. सिंहस्थाची गर्दी त्यात धरू नकोस, ती माणसं गोदेवर स्नानाला येतात.

हा आकडा खाली आणायचा सगळ्यात सोपा मार्ग खाण्यापिण्याचा आहे. चहा, कॉफी, सँडविच, मक्याचं कणीस यांतून माणशी ३० रुपये निव्वळ सुटले तर १,९२० चे १,६१० होतात. वाढदिवसाचे गट मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी घे, शनिवारी नाही. शनिवारी तुझी रांग आधीच भरलेली असते.

उन्हाळ्यात दुपारी कुणी खेळणार नाही. धंदा संध्याकाळी पाच ते दहाचा आहे, म्हणून दिव्यांत काटकसर नको. प्रत्येक पट्ट्यावर दोन बाजूंनी प्रकाश पाड, नाहीतर खेळणाऱ्याची सावली चेंडूवरच पडते. बाहेरच्या प्रत्येक सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. ओली जमीन आणि अनवाणी मुलं आहेत तिथे. कारंजं पहिल्या वर्षी वगळ. पटर ९० घे, ४० लहान मुलांच्या उंचीचे, दोन्ही बाजूंनी खेळता येणारे, म्हणजे डावखुऱ्यांसाठी वेगळे लागत नाहीत. चेंडू ३००. शेवटच्या होलातून ७५ मिमी पाइपने चेंडू थेट काउंटरवर आण, म्हणजे ते खिशातून जात नाहीत आणि लोक पटर परत द्यायलाही तिथेच येतात.

बांधकामाचे ५०, त्या काळातल्या भाड्याचे ५ लाख ४० हजार आणि खेळत्या भांडवलाचे ७ लाख मिळून एकूण गरज साधारण ६३ लाखांची झाली. २५ कर्जाचे, उरलेले तुम्ही दोघी भागीदारांचे. ते जमले नाहीत तर कर्ज वाढवू नका. नऊ होलांनी सुरुवात करा. सावकाश होल ४ मिनिटांचा राहिला तर तासाला माणसं तेवढीच खेळतात, तिकीट मात्र कमी ठेवावं लागतं. मुरूम आणि निचरा तेव्हाही अठराचाच टाका.

बयाणा देण्याआधी पाचही खड्डे घेऊन त्यांचे फोटो आणि जागेच्या उताराचे आकडे मला पाठव. माती दीड मीटरच्या खाली गेली असेल तर मुरमाचा आकडा बदलेल, आणि मग भाडं कमी करून मागायचं की दुसरी जागा बघायची, ते ठरवू.

तुझी,
आई