विषय : शेवटची पाने नसलेले जुने पुस्तक ‘सर्व पाने शाबूत’ म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी डॅफ्नी द्यू मॉरिए यांच्या ‘रेबेका’ या कादंबरीची जुनी, पुठ्ठाबांधणीची इंग्रजी प्रत मागवली. ‘व्हेरी गुड, मूळ जॅकेटसह, सर्व पाने शाबूत’ असे तिचे वर्णन होते. त्या भरवशावर 1,850 रुपये आगाऊ भरले.

आलेल्या प्रतीत शेवटचा फर्माच (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) नाही. कथेतली मंडळी बार्नेटला डॉक्टरांचे घर शोधत निघतात आणि वाक्य अर्धवट असतानाच पान संपते. पुढे थेट पुठ्ठ्याला चिकटवलेला कोरा कागद. पुस्तक पूर्ण उघडले की शिवणीत जुन्या दोऱ्याची तुटकी टोके दिसतात, त्यामुळे हा दोष कुरिअरवर ढकलता येणार नाही. 1938 साली आलेल्या या कादंबरीचा सगळा जीव रहस्यात आहे. रेबेकाबद्दलचा शेवटचा उलगडा त्या डॉक्टरांच्या तोंडून होतो आणि नेमकी तीच पाने गेलेली आहेत. असे पुस्तक वाचायला घेणाऱ्याची किती चिडचिड होते, याची कल्पना करा.

‘मूळ जॅकेट’, म्हणजे पुस्तकावरचे कागदी वेष्टन, रंगीत झेरॉक्स निघाले. मूळ जॅकेटवरच्या घड्या आणि कोपऱ्यातली फाट त्यात छापून आली आहे. बोट फिरवले तर कागद गुळगुळीत. पहिल्या पानावरचा ग्रंथालयाचा शिक्का पांढरी पट्टी चिकटवून झाकला आहे. ग्रंथालयातून निघालेली प्रत मी आनंदाने घेतली असती, पण तसे आधी सांगायला हवे होते.

‘जुन्या पुस्तकात थोडेफार असायचेच,’ असे आपल्या प्रतिनिधीने चॅटवर सांगून सवलतीचे कूपन देऊ केले. ते मला मान्य नाही. पिवळी पाने, विटलेला कणा, कुणाचे तरी नाव, हे सगळे जुन्या पुस्तकात चालते. अपुरे पुस्तक पुरे म्हणून विकणे ही फसवणूक आहे. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर निदान पुस्तक चाळून तरी घेता येते. ऑनलाइन घेताना आमच्या हाती फक्त तुमचे वर्णन असते, म्हणून ते खरेच असले पाहिजे.

वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेणे किंवा पैसे देणे नाकारता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 सांगतात. त्याच नियमांनुसार या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. टपालखर्चासह पूर्ण रक्कम परत करावी, पुस्तक आपल्या खर्चाने न्यावे आणि ही प्रत पुन्हा विकायची असेल तर तिच्यातले दोष वर्णनात लिहावेत. तसे न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

शिवण, जॅकेट व शिक्का यांचे फोटो आणि चॅटची प्रत सोबत जोडली आहे. पुस्तक मूळ खोक्यात बांधून ठेवले आहे. कुरिअरवाला कधी येईल ते कळवावे.

आपली ग्राहक,
ठाणे