लायसन संपत आलं होतं, व्हिसा नव्हे

तोयोता शहर, आइची, जपान
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर मी "लायसन संपत आलं होतं" एवढंच म्हणालो, तर तिकडून आप्पांचा आवाज, "संपलं? मग परत पाठवतायत का?" मग फोन आईने घेतला, मग ताईने. तिघांना तीनदा समजावलं, तरी रात्री ताईचा मेसेज आलाच, की आप्पा विचारतायत, नोकरी आहे ना? म्हणून हे पत्र. ताई, झेरॉक्सच्या दुकानातून हे मोठ्या टायपात छापून आण. आप्पांना चष्मा शोधायला लावू नको.

तर संपत आलं होतं ते गाडी चालवायचं लायसन. व्हिसा नव्हे, नोकरीही नव्हे. आणि ते लायसनही गेल्या रविवारी नवं करून आणलंय. मी खुशाल आहे. थंडी पडायला लागली आहे, आई, स्वेटर घालतो. फराळाचा डबा दिवाळीनंतर आठवड्याने पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, तो चिवड्यात मिसळून संपवला. अनारसे अख्खे आले, दोन शिल्लक आहेत, पुरवून खातोय.

आधी तुमच्या शंका. एक, माझ्या गाडीची पिवळी पाटी. फोटो बघून आप्पा ताईला म्हणाले म्हणे, "हा तिकडं टॅक्सी चालवतो, आपल्याला इंजिनियर सांगतो." आप्पा, इथे ६६० सीसीच्या आतल्या छोट्या खाजगी गाड्यांना पिवळी पाटी असते. टॅक्सीला हिरवी. मी इंजिनियरच आहे. कारखाना गावाबाहेर, रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते, म्हणून जुनी गाडी घेतली. हौस म्हणून नाही.

दोन, पोलीस. हो, पोलिसाने पावती फाडली होती, पण ती गेल्या वर्षी जूनमध्ये. तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. इथे चौकात उलटा लाल त्रिकोण असतो, त्यावर "थांबा" लिहिलेलं असतं. थांबा म्हणजे चाक पूर्ण थांबायला हवं. रस्ता मोकळा असो, पहाटेचे पाच असोत, समोर कुत्रंही नसो. मी आपल्या सवयीने वेग कमी केला, दोन्हीकडे बघितलं आणि निघालो. झाडाआड पोलीस उभा होता. दंड ७,००० येन, म्हणजे आपले चारेक हजार, आणि लायसनवर दंडाचे दोन गुण. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हा अपघात झाला, पोराने लपवला, असं काही मनात आणू नका.

आता लायसन. इथे मुदत वाढदिवसाला बांधलेली असते. वाढदिवसाच्या आधी एक महिना आणि नंतर एक महिना, एवढ्यात जाऊन नवं करायचं. आधी घरी पत्रिका येते. माझा वाढदिवस यंदा नेमका नरक चतुर्दशीला आला, म्हणजे २० सप्टेंबर ते २० नोव्हेंबर मुदत होती आणि मी गेलो ९ नोव्हेंबरला. एवढा उशीर का, म्हणाल. कामं होती.

आमच्याकडून रेल्वेने नागोयाच्या बाजूला हिराबारी म्हणून ठिकाण आहे, तिथे आइची प्रांताचं मोठं लायसन केंद्र आहे. रविवारीही चालू असतं. एजंट नाही, ओळख नाही, चहापाणी नाही. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत माणसं पाणी वाहावं तशी सरकतात. चार-चार आकड्यांचे दोन गुप्त नंबर ठरवायचे, कारण कार्डात चिप असते. मी एक तुमच्या एसटी ड्रायव्हरच्या बिल्ल्याचा नंबर टाकला, तो मला पाठ आहे. मग गेल्या पाच वर्षांत कधी शुद्ध हरपली होती का, वगैरे प्रश्नांचा कागद. फी सव्वाचार हजार येन, आपले अडीच हजारांच्या आसपास. मग डोळे. अक्षरं नसतात, एका बाजूला तुटलेली गोल कडी दाखवतात आणि तोंड कुठे आहे ते सांगायचं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मी घाईत एकदा "खाली" म्हणालो, चक्क मराठीत. बाई काहीच न बोलता थांबली. मग "शिता" म्हणालो. पास.

फोटो काढला, आणि मग दोन तास वर्गात. हो, वर्गात! लायसन नवं करायला आलेल्या माणसाला शाळेसारखं बाकावर बसवतात, पुस्तकं देतात, शिकवतात आणि सिनेमा दाखवतात. सिनेमात एक साधा माणूस दारू पिऊन गाडी चालवतो आणि मग त्याच्या घराची कशी धूळधाण होते ते. इथे पिऊन चालवणाऱ्याबरोबर त्याला दारू देणारा आणि शेजारी बसणारा, दोघांनाही शिक्षा आहे. भाषा मला निम्मी कळली, पण सिनेमातली आई कळली. बाहेर आलो तर नवं कार्ड तयार. त्याच दिवशी, हातात.

आता रंगांचं सांगतो, कारण मी तीन वर्षं इथे आहे आणि हे मला अजून पचलेलं नाही. इथल्या लायसनवर मुदतीच्या ओळीला रंगीत पट्टी असते. पहिलं लायसन हिरवं. पहिल्यांदा नवं केलं की निळं. आणि पाच वर्षं एकही गुन्हा नाही, एकही अपघात नाही, तर सोनेरी. सोनेरीवाल्याला वर्ग अर्ध्या तासाचा, फी कमी, मुदत पाच वर्षं, विम्यातही सूट मिळते. लोक ते कार्ड असं दाखवतात की जणू पद्मश्री. मला वाटलं, वा, हे आपल्या एसटीसारखं झालं. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा झाली की सत्कार. मग आमच्या खात्यातल्या एका साहेबांनी आपलं सोनेरी कार्ड दाखवलं. मी म्हणालो, वीस वर्षं गाडी चालवताय, एकही चूक नाही? ते हसले. म्हणाले, वीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. रेल्वेने येतो.

तर भानगड अशी, आप्पा, की कार्ड मोजतं फक्त चुका. किती चालवली ते मोजतच नाही. गाडी चालवलीच नाही तर चूक कुठून होणार? त्यामुळे ज्याने गाडी कधी काढली नाही तो सोनेरी, आणि जो रोज पहाटे पाच वाजता कामावर जातो, एकदा चौकात चाक पुरतं थांबलं नाही, तो निळा. लायसन असून गाडी न चालवणाऱ्यांना इथे "पेपर ड्रायव्हर" म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी त्या साहेबांना तुमचं सांगितलं. एकतीस वर्षं, केळघरचा घाट, पावसाळ्यात समोरचं नाक दिसत नाही असं धुकं, गाडीत पन्नास माणसं, वर टपावर कोंबड्यांच्या पाट्या. ते म्हणाले, अशा माणसाला कुठला रंग देणार?

ताई, हे छापताना तू वाचशीलच, म्हणून लिहितो. तुझं आणि आप्पांचं आठवड्यातून एकदा वाजतं. औषधावरून, स्कूटरवरून, जेवणावरून. माझं त्यांच्याशी कधीच वाजत नाही, आणि आई गल्लीत सांगत फिरते की पोरगा गुणाचा, कधी उलटून बोलला नाही. तेवढं वाक्य गाळू नकोस, छाप.

आणि एक जुनं आज कबूल करून टाकतो. मे २०२३ मध्ये इथलं लायसन काढलं तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं की पहिल्या फटक्यात पास झालो. झालो नव्हतो. लेखी झालं, तेव्हा दहाच प्रश्न होते, सात बरोबर आले की पास. गेल्या महिन्यापासून पन्नास केलेत आणि पंचेचाळीस बरोबर लागतात, सुटलो बुवा. पण मैदानावर गाडी चालवून दाखवायची परीक्षा, त्यात तीनदा नापास. एसटी ड्रायव्हरचा मुलगा! एकदा वळताना मान मागे वळवून बघितलं नाही म्हणून. एकदा तर गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती नीट बघितलं नाही म्हणून. तेव्हा तुम्ही आठवलात. डेपोतून गाडी काढायच्या आधी गाडीभोवती फेरी मारायचात, एकेका टायरवर लोखंडी टॉमी हाणून आवाज ऐकायचात, आणि मी शाळेला उशीर होतो म्हणून चिडायचो. चौथ्या वेळी मी तुमच्यासारखी फेरी मारली. टायरवर हाणलं नाही एवढंच.

आता तुमच्या लायसनचं, आप्पा. ताई म्हणाली की ऑगस्टमध्ये संपलंय आणि तुम्ही तिकडे साताऱ्यात तसेच स्कूटर घेऊन राजवाड्यापर्यंत भाजीला जाता. "मला कोण अडवतंय" हे मला मान्य आहे, पोवई नाक्यावरचे अर्धे हवालदार तुम्हाला नमस्कार घालतात. पण देव न करो, काही झालं तर विमा कंपनी नमस्कार घालणार नाही. चालू लायसन नाही म्हटलं की पैसे द्यायला नकार. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत केलं तर नुसतं नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट. म्हणजे पुढच्या ऑगस्टनंतर, एकतीस वर्षं घाट चालवलेल्या माणसाला आरटीओच्या मैदानावर आठाचा आकडा काढून दाखवावा लागेल, समोर अठरा वर्षांची पोरं उभी. मला ते बघवणार नाही. अर्ज सारथीच्या साइटवर भरायचा, ते दाजी करतील. तुम्हाला फक्त डॉक्टरकडून नमुना १-अ चं सर्टिफिकेट आणायचंय, चाळिशीनंतर ते सगळ्यांनाच लागतं.

आणि तुम्ही डॉक्टर टाळताय ते डोळ्यामुळे, हे मला कळतंय. मोतीबिंदू आधी काढा, मग सर्टिफिकेटचा डॉक्टर. इथे पंच्याहत्तरीनंतर सोळा चित्रं दाखवतात आणि थोड्या वेळाने कोणकोणती होती ते विचारतात, मग लायसन. बरेच म्हातारे आपणहून परतही करतात, त्यांना बसमध्ये सवलत वगैरे मिळते. मी तुम्हाला परत करा म्हणत नाही. नुसतं इथलं सांगितलं.

डोळ्यासाठी ऐंशी हजार ताईच्या खात्यावर टाकलेत. चांगली लेन्स घाला, सरकारी शिबिराची वाट बघू नका. यातले पैसे पत्र्याच्या गळतीला वळवू नका, आई, हे तुला सांगतोय. पुढच्या महिन्यात मात्र नेहमीपेक्षा पंधरा हजार कमी येतील. गाडीची शाकेन आली आहे, म्हणजे दर दोन वर्षांनी करायची सरकारी तपासणी, आणि जुनी गाडी म्हटल्यावर काहीतरी निघतंच. जानेवारीत भरून काढतो. तंगी वगैरे काही नाही.

कऱ्हाडच्या स्थळाचा बायोडाटा आणि फोटो मिळाले. नाही म्हणत नाही. मुलगी फार्मसी झालेली आहे, चांगली वाटते. त्यांनी विचारलंय की मुलगा परत कधी येणार. आई, तू त्यांना "यंदा येतोय" असं सांगून बसली असशील, कारण मीच तुला सांगितलं होतं की हे हिरवं लायसन संपायच्या आत परत येतो. मला आठवतंय. नवीन कार्डावर नोव्हेंबर २०२८ लिहिलंय. ते आपोआपच तीन वर्षांचं मिळतं, त्याचा आणि माझ्या राहण्याचा संबंध नाही. पावतीमुळे २०२८ लाही सोनेरी होणार नाही, निळंच मिळेल, मग २०३३... हे आपलं हिशेबापुरतं. तू त्यांना खरं सांग की कंपनीने करार वाढवलाय. मी सही केली आहे. दिवाळीच्या आधी केली, सणात सांगावंसं वाटलं नाही. मुलीची इकडे यायची तयारी असेल तर मी फेब्रुवारीत दहा दिवस येतो आणि भेटतो. नसेल तर त्यांना अडकवून ठेवू नका.

कार्डाच्या मागे अवयवदानाची जागा असते, हवं तर गोल करायचा. मी ती कोरी ठेवली. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं करणार?

माझं साताऱ्याचं लायसन अजून पाकिटात आहे. एमएच ११, डिसेंबर २०३० पर्यंत चालू.

दाजींना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुमचा,
सोन्या

ता. क. आप्पा, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना स्कूटर काढू नका. ते डोळ्यात थेंब घालतात, काही तास नीट दिसत नाही. दाजींना सांगितलंय, ते न्यायला येतील. मागे बसायचं.