डोंगरात दर्या कुठून आला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलात गेली चोवीस वर्षं मराठी शिकवते, आणि वर्गात डिजिटल पॅनल बसला तेव्हापासून सातवीतला एक मुलगा मला शिकवतो. मला त्याची लाज वाटत नाही पण स्टाफरूममध्ये अजून बऱ्याच जणांना वाटते, म्हणून हे पत्र.

पॅनल बसवणारा माणूस आला, अर्ध्या तासात सगळी बटणं दाखवली, कागदावर आमच्या सह्या घेतल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर स्क्रीनवर ‘नो सिग्नल’. मी केबल काढून परत घातली, बंद करून चालू केला, काही नाही, शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, टीचर सोर्स बदला, केबल एचडीएमआय टू ला आहे आणि पॅनल वन वर. झालं काम. तसं हे नवीन नाही म्हणा, २०२० मध्ये सांगे, सत्तरीतली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती तेव्हाही आम्हाला ‘टीचर तुम्ही म्यूटवर आहात’ हे तीच सांगत होती.

खरी गंमत पुढे झाली. मी एक वर्कशीट टाइप केलं, त्यात ‘डोंगर आणि दऱ्या’ असं हवं होतं आणि छापून आलं ‘डोंगर आणि दर्या’. गोव्यातली मुलं ती, एकाने लगेच विचारलं, टीचर, डोंगरांत दर्या खंयसून आयलो? सगळा वर्ग हसला. हातानं लिहिताना ते र चं आडवं चिन्ह मी आयुष्यभर काढलंय पण कीबोर्डवर कुठे आहे ते माहीत नाही. हाच मुलगा दोन दिवसांनी शोधून आला, इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या कीबोर्डवर, शिफ्ट धरून इंग्रजी J दाबायचं, तो वेगळा ऱ येतो, मग त्याला हलन्त आणि य. आता तो स्वतः ‘आणि’ दीर्घ लिहितो आणि ‘किती’ची पहिली वेलांटी चुकवतो, ते मी त्याला शिकवते, म्हणजे हिशोब बरोबर.

पण हे सगळं चोरून चालतं आणि त्यात मुलाचं नुकसान होतं. ‘त्याला जरा पाठवा’ म्हणून चिठ्ठी येते आणि तो उठतो, गेल्या महिन्यात एका आठवड्यात त्याचे गणिताचे तीन तास बुडाले आणि वही अपुरी म्हणून ओरडा बसला, तोही ज्या सरांनी आदल्या दिवशी प्रोजेक्टरसाठी त्याला बोलावलं होतं त्यांचाच! शिवाय दरवेळी मुलगाच, मुलींना कोणी बोलवत नाही, येत असलं तरी. आणि मूल येऊन फटाफट करून देतं, शिक्षक बाजूला उभा, म्हणजे पुढच्या वेळी परत चिठ्ठी. मी आता नियमच केलाय, माउस माझ्या हातात, त्याने फक्त तोंडाने सांगायचं. हो आणि काहीजण मार्कांच्या पोर्टलचा पासवर्ड, ओटीपीसकट फोन मुलाच्या हातात देतात, ते मात्र अजिबात नको, उद्या काही झालं तर बोट त्या मुलाकडे जाईल.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पियामध्ये डेनिस हार्पर यांनी १९९० च्या दशकातच हे उघडपणे सुरू केलं होतं, विद्यार्थी आणि शिक्षक यांची जोडी, धडा शिक्षकाचा, तंत्र मुलाचं, आणि मुलाचा तो शाळेतला अभ्यासच धरायचा. आपल्याकडे गोव्यात सरकारच्या सायबरएज योजनेतून मुलांच्या घरी कॉम्प्युटर गेले, आता केअर्स योजनेतून सहावी ते आठवीला कोडिंग, रोबोटिक्स आहे, चांगलंच आहे, पण त्यामुळे मुलं पुढे गेली आणि मराठी, इतिहासवाले आम्ही त्याच ‘नो सिग्नल’समोर.

म्हणून शिक्षण खात्याला आणि मुख्याध्यापकांना एवढंच सांगणं आहे की आठवड्याला एक तास टाइमटेबलात घाला, मुलामुलींची पाळी लावा, शिक्षकाने आपला खरा धडा घेऊन बसायचं आणि त्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात ते काम लिहायचं. नवीन पैसे लागत नाहीत.

सध्या आमचं काम माझ्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर अडलंय. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधल्या, माझ्या कॉम्प्युटरवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्याने कन्व्हर्टर शोधून काढला पण रफार भलत्याच अक्षरावर जातोय, कुठला शब्द होता ते मला ओळखावं लागतं आणि दुरुस्त कसा करायचा ते त्याला. परीक्षा संपली की बसणार आहोत.

– एक मराठी शिक्षिका, फोंडा